वाघाचा नमुना भोपाळला गेला, म्हशीचा कुठे जातो?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या पाठोपाठ मेले. त्यांचे नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि जानेवारीच्या सुरुवातीला निदान हाती आलं. एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लू. देशभरातल्या प्राणिसंग्रहालयांना सावध करण्यात आलं. वाघ कशाने मेला हे कळलंच पाहिजे, असं सगळ्यांना वाटलं आणि त्याप्रमाणे यंत्रणा हलली. तसं वाटायलाच हवं होतं.

त्याच हिवाळ्यात नागपूर जिल्ह्यातल्या कितीतरी गोठ्यांत म्हशींच्या कासा सुजल्या असतील, इंजेक्शनं टोचूनही उतरल्या नसतील. कोंबड्यांच्या शेडमध्ये औषध पाण्यातून देऊनही मर थांबली नसेल. धरमपेठेतल्या एखाद्या घरात कुत्र्याचा कान महिनोन्‌महिने वाहत राहिला असेल. यांतल्या फार थोड्या जनावरांचा नमुना कोणत्याही प्रयोगशाळेत पोहोचला असेल. औषध लागू पडलं नाही, म्हणून दुसरं दिलं. तेही लागलं नाही, म्हणून तिसरं. जनावर बरं झालं तर झालं, नाही तर बाजार दाखवला. त्याच्या अंगात कोणता जिवाणू होता, त्याने कोणत्या जनुकाच्या जोरावर औषध पचवलं, तो जिवाणू त्या गोठ्यातच तयार झाला की बाहेरून आला, यातलं काहीच कुठे नोंदलं गेलं नाही.

माझं म्हणणं या न नोंदलेल्या गोष्टीबद्दल आहे. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंचा जनुकीय माग काढण्याची भाषा आता आपल्याकडेही सुरू झाली आहे. त्यासाठी यंत्रं येतील, इमारती उभ्या राहतील, परिषदा भरतील. पण हा माग जिथून सुरू होतो ती जागा आहे गावातला पशुवैद्यकीय दवाखाना, आणि तिथे नमुना घेण्याची सवयच आपण लावलेली नाही. नागपुरात पैसा आधी तिथे गेला पाहिजे.

मी पशुवैद्यक आहे. हिंगणा, कामठी, उमरेड या भागात जनावरं पाहत आलो. दगडी झालेली, म्हणजे कास सुजून कडक झालेली म्हैस दाखवताना मालक काही सांगत बसत नाही. आजारी सडाची धार तो सरळ आपल्या तळहातावर काढतो आणि हात पुढे करतो. पिवळट पाणी, त्यात पांढऱ्या गुठळ्या, कधी रक्ताची रेघ. मग तो म्हणतो, "साहेब, मांगच्या खेपेची सुई लागलीच नाही जी. या खेपेला मोठी मारा." मोठी सुई म्हणजे महागडं, नव्या पिढीचं अँटिबायोटिक. माझ्या बॅगेत एन्रोफ्लॉक्सासिन असतं, जेंटामायसिन असतं, सेफ्ट्रायाक्झोन असतं, टाझोबॅक्टम घातलेलं सेफ्ट्रायाक्झोनही असतं. यांतलं नेमकं कोणतं चालेल हे मला त्या क्षणी ठाऊक नसतं. अनुभवावरून अंदाज करायचा. म्हैस दिवसाला आठ-दहा लिटर दूध देत असेल तर मालकाला तीन दिवस थांबा, आधी तपासणी करू, असं सांगणं जड जातं. त्या दुधावर त्याच्या मुलीच्या कॉलेजची फी चालते.

ही औषधं काही जनावरांसाठी वेगळी बनलेली नाहीत. सेफ्ट्रायाक्झोन मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात न्यूमोनियाच्या रुग्णालाही सलाईनमधून जातं. एन्रोफ्लॉक्सासिनचा काही भाग जनावराच्या शरीरात गेल्यावर सिप्रोफ्लॉक्सासिनमध्ये बदलतो, आणि ती गोळी आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी खाल्लेली आहे. जिवाणूला मालक कोण आहे याच्याशी कर्तव्य नसतं. गोठ्यात तो ज्या औषधाला तोंड द्यायला शिकतो, तेच औषध दवाखान्यात त्याच्या वाट्याला येतं.

आता तपासणीचं काय ते सांगतो. नमुन्यातला जिवाणू वाढवायचा, काचेच्या बशीतल्या खाद्यावर तो सारखा पसरायचा आणि त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारीक चकत्या ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी बशी उजेडात धरली की ज्या चकत्यांभोवती स्वच्छ गोल कडं पडलं असेल ते औषध चालतं. जिथे जिवाणू चकतीला चिकटून वाढलेला असेल ते औषध वाया. पट्टीने कड्याचा व्यास मोजायचा, तक्त्याशी ताडून पाहायचा. एवढंच. या साध्या चाचणीला आम्ही 'कल्चर-सेन्सिटिव्हिटी' म्हणतो. नमुना पोहोचल्यापासून दोन-तीन दिवसांत उत्तर मिळतं. म्हशीसाठी आणि डॉक्टरासाठी ही चाचणी पुरेशी आहे, हे मी पहिल्यांदा मान्य करतो. पण ती एका प्रश्नाचं उत्तर देत नाही: हा जिवाणू आला कुठून आणि चालला कुठे?

त्यासाठी त्याचा जनुकक्रम वाचावा लागतो. कोविडच्या काळात विदर्भातल्या माणसाला 'जिनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द पाठ झाला. २०२१ च्या सुरुवातीला अमरावतीकडे रुग्ण अचानक वाढायला लागले, आणि मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर हे दोन बदल एकत्र दिसत असल्याचं जाहीर केलं. पुढे त्याच कुळातला डेल्टा जगभर पसरला. विषाणूच्या बाबतीत जे केलं तेच जिवाणूच्या बाबतीत करायचं आहे, पण जिवाणूचं काम अधिक गुंतागुंतीचं आहे. कोरोना विषाणूचा जनुकक्रम सुमारे तीस हजार अक्षरांचा, ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा पन्नास लाखांच्या आसपास. दोन ई. कोलायमध्ये जेमतेम पाच-दहा अक्षरांचा फरक निघाला तर ते नुकतेच एकमेकांपासून वेगळे झालेले असणार. हजारोंचा फरक निघाला तर एकाने दुसऱ्याला दिला असं म्हणायला जागा उरत नाही.

पण तेवढ्यावर भागत नाही. औषधाला दाद न देणारं जनुक बऱ्याचदा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिड नावाच्या सुट्या गोल तुकड्यावर असतं, आणि हा तुकडा एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातो, एका जातीतून दुसऱ्या जातीतही जातो. वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामांत माल एका ट्रकमधून उतरून दुसऱ्यात चढतो, तसं हे आहे. ट्रकचे नंबर लिहून ठेवणाऱ्याला माल कुठे गेला ते सांगता येणार नाही. बिल्टी पाहावी लागेल. कोंबडीतल्या ई. कोलायकडचं जनुक माणसातल्या क्लेबसिएल्लामध्ये सापडलं तर जिवाणू वेगळा, माल तोच. हे फक्त जनुकक्रमातून दिसतं, तेही प्लाझ्मिड सलग वाचता आला तरच.

या विद्येने काय साधतं याचं सर्वांत मोठं उदाहरण कोलिस्टिनचं आहे. ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात आपल्यालाही घेण्यासारखं पुष्कळ आहे.

कोलिस्टिन जुनं औषध. मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांच्या डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं होतं. पुढे बाकीची औषधं एकेक करून निकामी व्हायला लागली, तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून ते पुन्हा बाहेर काढावं लागलं. दरम्यान कोंबड्या आणि डुकरं लवकर वाढावीत म्हणून ते खाद्यात मिसळलं जात होतं, जगभर आणि आपल्याकडेही. नोव्हेंबर २०१५ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला दाद न देणारं एमसीआर-१ नावाचं जनुक त्यांना सापडलं आहे, आणि ते प्लाझ्मिडवर आहे, म्हणजे पसरू शकतं. तपासलेल्या जनावरांपैकी २१ टक्क्यांत, कच्च्या मांसाच्या नमुन्यांपैकी १५ टक्क्यांत आणि दवाखान्यातल्या रुग्णांपैकी सुमारे एका टक्क्यात ते होतं. जनावरांत जास्त, माणसांत कमी. प्रवाह कोणत्या दिशेने वाहतो आहे याचा हा पहिला ठोस इशारा होता.

पुढे जे घडलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. डेन्मार्कने १९९५ पासून जनावरं, अन्न आणि माणसं या तिघांतल्या औषध-प्रतिकाराची एकत्र नोंद ठेवलेली आहे. चीनची बातमी आल्यावर त्यांनी नवे नमुने गोळा करायला माणसं धाडली नाहीत. आधीच वाचून साठवलेले सुमारे तीन हजार जिवाणूंचे जनुकक्रम संगणकावर उघडले आणि त्यात एमसीआर-१ शोधलं. काही आठवड्यांत उत्तर छापून आलं: एका रुग्णाच्या रक्तातल्या जिवाणूत आणि आयात केलेल्या कोंबडीच्या मांसातल्या पाच जिवाणूंत ते होतं. चीनमध्येही जुनी शीतपेटी उघडली गेली, तेव्हा १९८० च्या दशकातल्या कोंबड्यांच्या जिवाणूंत हे जनुक निघालं. ज्यांनी जपून ठेवलं होतं त्यांना उत्तर मिळालं. चीनने एप्रिल २०१७ पासून खाद्यातलं कोलिस्टिन बंद केलं, आणि डुकरांमधलं कोलिस्टिन-प्रतिकारी ई. कोलायचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून दोन वर्षांत ५ टक्क्यांच्या आसपास उतरलं. बंदी लागू पडली हेही मोजमाप होतं म्हणूनच कळलं.

भारतानेही जुलै २०१९ मध्ये खाद्यजनावरं, कोंबड्या आणि मत्स्यशेतीसाठी कोलिस्टिनच्या उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. निर्णय योग्य होता आणि धाडसाचाही होता. पण त्या बंदीने उमरेड-काटोल पट्ट्यातल्या कोंबड्यांच्या आतड्यांत काय बदललं, हे विदर्भातल्या नमुन्यांवरून कोणी सांगू शकेल का? २०१८ चे जिवाणू शीतपेटीत जपलेले असते तर आज दोन्ही शेजारी ठेवून पाहता आले असते.

जनुकीय माग काढण्याचं दुसरं फळ असं की ते जनावरावरचा आरोप पुष्कळदा खोटा ठरवतं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्या शेतकऱ्यांना आणि कोंबडीवाल्यांना प्रयोगशाळा म्हटलं की आपल्यावर खटला उभा राहणार असं वाटतं. स्कॉटलंडमध्ये डीटी१०४ नावाच्या साल्मोनेलाने, म्हणजे पोट बिघडवणाऱ्या एका जिवाणूने, १९९० च्या दशकात गोंधळ घातला होता, पाच औषधांना न जुमानणारा. सगळ्यांनी गृहीत धरलं की गाई-गुरांतून तो माणसांत आला. २०१३ साली माणसांतल्या आणि जनावरांतल्या तीनशेहून अधिक जिवाणूंचे जनुकक्रम शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन साथी बऱ्याच अंशी वेगवेगळ्या चाललेल्या निघाल्या. स्थानिक गुरं हा माणसांतल्या साथीचा मुख्य उगम नव्हता.

त्याहून डोळे उघडणारी गोष्ट सीसी३९८ या स्टॅफिलोकोकसची. नेदरलँड्समध्ये डुकरं पाळणाऱ्या कुटुंबांत मेथिसिलिनला दाद न देणारा हा जिवाणू सापडला आणि डुकरांकडे बोट गेलं. २०१२ मध्ये १९ देशांतल्या ८९ जिवाणूंचे जनुकक्रम वाचल्यावर दिसलं की त्याचा पूर्वज माणसातला होता आणि तेव्हा तो औषधांना साधेपणाने दाद देत होता. माणसाने तो डुकरांना दिला. डुकरांत राहताना माणसाच्या प्रतिकारशक्तीला चकवणारी जनुकं त्याने टाकून दिली, टेट्रासायक्लिन आणि मेथिसिलिन पचवणारी जनुकं उचलली आणि तो माणसाकडे परत आला. इथे दोष कोणाचा? माणसाचा जिवाणू, माणसाने दिलेली औषधं, जनावर मधल्या मध्ये. तर युरोपातल्या हेजहॉग नावाच्या छोट्या काटेरी प्राण्यात मेथिसिलिन-प्रतिकारी स्टॅफिलोकोकस अँटिबायोटिकचा शोध लागण्याच्याही आधीपासून, सुमारे दोनशे वर्षांपासून आहे, असं २०२२ मध्ये जनुकक्रमांवरूनच दिसलं. हेजहॉगच्या कातडीवरची बुरशी स्वतःच पेनिसिलिनसारखी द्रव्यं सोडते, त्यामुळे तो तिथे टिकला. निसर्गातही हे घडतं. आपण फक्त त्याचा वेग भयंकर वाढवला.

अर्थात कधी आरोप खराही निघतो. अमेरिकेत २०१६ ते २०१८ मध्ये १८ राज्यांतली शंभराहून अधिक माणसं अनेक औषधांना न जुमानणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरने आजारी पडली, आणि जनुकक्रमांवरून माग थेट दुकानांत विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांपर्यंत गेला. ही पिल्लं निरोगी दिसत असतानाही त्यांना अँटिबायोटिकं दिली जात होती. माणसं एकमेकांपासून शेकडो मैलांवर. जनुकक्रम नसता तर प्रत्येकाचं पोट वेगवेगळ्या कारणाने बिघडलं असं समजून विषय संपला असता.

म्हणजे खरं-खोटं ठरवायचं साधन आहे, आणि दोन्ही बाजूंनी ठरवतं. महाराष्ट्रात आपण काय करतो? एक बाजू म्हणते की ब्रॉयलर खाणं म्हणजे अँटिबायोटिक खाणं. दुसरी म्हणते की हा सगळा कोंबडी व्यवसाय बुडवण्याचा डाव आहे. दोघांकडेही इथल्या जनावरांतला पुरावा नाही. या वादात आणखी एक घोळ सतत होतो. दुधात किंवा मांसात औषधाचा अंश उरणं ही एक गोष्ट. जनावराच्या अंगात प्रतिकारी जिवाणू असणं ही वेगळी. अंशाची तपासणी स्वच्छ आली तरी त्या गोठ्यात न दबणारा जिवाणू असू शकतो. नीट उकळलेल्या दुधाला आणि पूर्ण शिजवलेल्या कोंबडीला घाबरायचं कारण नाही. जिवाणू उष्णतेने मरतो. धोका आधी त्या हातांना आहे जे धार काढतात, शेण उचलतात, कोंबडी सोलतात, कुत्र्याच्या कानात औषध घालतात. त्यात माझेही हात आले.

आणि मग पाण्याला. अंबाझरीकडून येणारी नाग नदी शहराच्या मधून वाहताना घरांचं, बाजारांचं, गोठ्यांचं सांडपाणी घेत जाते, पुढे पिवळी नदीला आणि कन्हानला मिळते आणि वैनगंगेवाटे गोसीखुर्दच्या जलाशयात उतरते. त्या पाण्यावर भंडाऱ्याकडचे ढिवर मासेमारी करतात, काठचे शेतकरी भाजी पिकवतात, जनावरं तिथेच पाणी पितात. म्हशीला औषध दिलं की त्यातलं बरंच शेण-मुतातून बाहेर पडतं, माणसाचंही तसंच. आणि आतड्यातले जिवाणूही त्याच वाटेने जातात. माणसाचा आणि जनावराचा माल जिथे अदलाबदल होतो अशी जागा शोधायची तर नाग नदीकाठी जावं. भांडेवाडीच्या सांडपाणी प्रकल्पातलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, हे चांगलंच. पण जनुकांच्या दृष्टीने त्या प्रकल्पात आत काय जातं आणि बाहेर काय येतं, हे नियमित पाहण्यासारखं आहे.

असा अभ्यास करायला देशात नागपूरइतकं सोयीचं शहर क्वचित असेल. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय इथे आहे. सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. वर्धा रोडवर नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, ज्यांनी कोविडच्या काळात मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवरून आरटी-पीसीआर करायची सोपी पद्धत काढली. मेडिकल, मेयो आणि एम्स ही तिन्ही मोठी रुग्णालयं शहरात किंवा शहराला लागूनच. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथेच राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. माणूस, जनावर आणि पर्यावरण यांचं आरोग्य एकत्र पाहायचं हाच तिचा हेतू. यातल्या कुठल्याही ठिकाणी तासाभराच्या आत पोहोचता येतं. केरळने तर २०१८ मध्येच औषध-प्रतिकाराविरुद्ध राज्याचा स्वतःचा कृती आराखडा तयार केला.

तरी चिंता वाटते ती क्रमाची. अशा संस्थांत पैसा आला की पहिल्यांदा सिक्वेन्सर येतो. तो दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं, वर्तमानपत्रात फोटो येतो. आता तर तळहातावर मावेल असा सिक्वेन्सरही मिळतो आणि एका जिवाणूचा जनुकक्रम काही हजार रुपयांत वाचून होतो. अडचण यंत्राची राहिलेली नाही. यंत्रात घालायला काय आहे, ही अडचण आहे. नमुना नीट घेतला नाही, सडाचं टोक स्पिरिटने न पुसता धार बाटलीत धरली, की कासेतल्या जिवाणूऐवजी हातावरचा जिवाणू वाढतो. बर्फात न ठेवता दिवसभर मोटारसायकलच्या डिकीत राहिला की नको ते जिवाणू माजतात आणि हवा तो दबून जातो. कोणत्या जनावराचा, कोणत्या गावचा, आधी कोणतं औषध किती दिवस दिलं, हे न लिहिता आलेला नमुना जनुकक्रमाने कितीही बारीक वाचला तरी त्यातून माग निघत नाही. पन्नास लाख अक्षरं हाती आणि गावाचं नाव नाही, याचा काय उपयोग?

आणखी एक गोष्ट मनाला लागते. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थी दगडीवर, जुलाबावर, कोंबड्यांच्या मरीवर प्रबंध लिहितात. त्यासाठी ते गोठ्यागोठ्यांत फिरून नमुने आणतात, जिवाणू वेगळे करतात, जीव ओतून काम करतात. प्रबंध संपला, मुलगा नोकरीला लागला, की ते जिवाणू जपायची जबाबदारी कोणाची? उणे ८० अंशांची शीतपेटी, तिला अखंड वीज, आणि प्रत्येक कुपीची नोंद ठेवणारा एक कायमचा माणूस, एवढं असलं तर ते जिवाणू तीस वर्षांनीही उघडून वाचता येतात. डेन्मार्कचं बळ नेमकं यातच होतं. आपल्याकडे एवढी मेहनत होते, आणि जपणूक मात्र कोणाच्या कामाच्या यादीत नसते.

यावर आक्षेप येतील, त्यातला एक फार वजनदार आहे. मेडिकलच्या वॉर्डात एका खाटेवर दोन रुग्ण असताना म्हशीच्या जिवाणूवर खर्च कशाला? २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार माणसं थेट औषध-प्रतिकारी जिवाणूंमुळे दगावली असा अंदाज आहे, आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. त्या रुग्णांना पुढच्या वर्षी कोणतं औषध लागू पडेल हे अंशतः आज गोठ्यात ठरतं आहे, असं मला वाटतं. किती अंशतः, हे स्कॉटलंडच्या उदाहरणाने दाखवल्याप्रमाणे ठिकाणागणिक बदलतं, आणि म्हणूनच नागपूरचं उत्तर नागपुरातच शोधावं लागेल. जनावरांचा वाटा कमी निघाला तर तो पैसा निर्धास्तपणे रुग्णालयांच्या स्वच्छतेकडे वळवता येईल. तेही मोठं उत्तर असेल.

दुसरा आक्षेप शेतकऱ्यांचा, आणि तो मला अधिक जवळचा. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरली आणि दर इतके कोसळले की राज्यात अनेक पोल्ट्रीवाल्यांनी जिवंत पक्षी खड्ड्यांत पुरले. पुरावा शून्य होता. ज्यांनी ते भोगलं त्यांना 'तुमच्या शेडमधला जिवाणू द्या, आम्ही जनुकक्रम वाचून जाहीर करू' असं सांगितलं तर ते दार लावून घेतील आणि त्यांचं चुकणार नाही. म्हणून नियम आधी ठरला पाहिजे आणि लेखी ठरला पाहिजे: या तपासणीतून कोणावरही कारवाई होणार नाही. मालकाचं नाव, शेडचं ठिकाण कधीही बाहेर जाणार नाही. तालुका, जनावराची जात आणि महिना एवढंच जाहीर होईल. आणि ज्याने नमुना दिला त्याला सर्वांत आधी त्याच्या उपयोगाचं उत्तर मिळेल, कोणतं औषध चालेल आणि कोणतं नाही, तेही फुकट. शेतकऱ्याने द्यावं आणि शास्त्रज्ञाने छापावं, असा व्यवहार फार दिवस टिकत नाही.

आम्हा पशुवैद्यकांनाही आरशात पाहावं लागेल. अमेरिकेतल्या एका पशुवैद्यकीय शिकवणी रुग्णालयात काही वर्षांपूर्वी कुत्र्या-मांजरांत एनडीएम-५ हे जनुक बाळगणारा ई. कोलाय पसरलेला सापडला. कार्बापेनेमसारखं राखीव औषधही त्याने निकामी केलं होतं. शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात एकाच टेबलावर एकामागोमाग एक कुत्री येतात. केस काढायचं तेच क्लिपर, तोच थर्मामीटर, तोच पट्टा. एका कुत्र्याच्या जखमेतला जिवाणू दुसऱ्याच्या जखमेत आमच्याच हाताने गेला का, हे जनुकक्रम सांगू शकतो. उत्तर नको असेल इतका अप्रिय तो प्रश्न आहे, पण माणसांची चांगली रुग्णालयं तो स्वतःला विचारतात, आपणही विचारला पाहिजे.

मग करायचं काय? तीन दिवस अँटिबायोटिक देऊनही जे जनावर बरं होत नाही, त्याचा नमुना घेणं हा दवाखान्याच्या कामाचा नेहमीचा भाग करावा. सगळ्या नमुन्यांची गरज नाही. उपचाराला न दबणारे तेवढे पुरेत, सुरुवातीला तर नक्कीच. निर्जंतुक बाटल्या प्रत्येक दवाखान्यात असाव्यात. नेण्या-आणण्याची वाट नव्याने काढायला नको. लाळ्या-खुरकुताच्या लसीची बर्फाची पेटी जिल्ह्यावरून तालुक्याला आणि तिथून गावच्या दवाखान्याला जाते. ती वाट आणि त्या पेट्या आहेत, परतीच्या फेरीत त्यातून नमुने येऊ शकतात. चकत्यांची चाचणी सगळ्यांची व्हावी आणि उत्तर डॉक्टरच्या फोनवर जावं. जिवाणू सगळे जपावेत. जनुकक्रम मात्र निवडक वाचावेत, राखीव औषधांना न दबणारे किंवा एकाच गावातून एकदम बरेच आलेले असतील ते. आणि मेडिकल, मेयो, एम्समधल्या रुग्णांचे तसेच जिवाणू त्याच शीतपेटीत, त्याच यादीत यावेत. पशुसंवर्धन विभाग आणि आरोग्य विभाग ही दोन वेगळी खाती आहेत, दोघांच्या फायली वेगळ्या चालतात. वन हेल्थ संस्थेने इथे पहिलं काम करायचं असेल तर या दोन याद्या एक करण्याचं करावं.

पशुधन पर्यवेक्षकाच्या प्रवासभत्त्यात नमुन्याची फेरी धरली गेली नाही तर मात्र यातलं काहीही होणार नाही. तो माणूस आधीच लसीकरण, कृत्रिम रेतन, कानातले बिल्ले आणि ऑनलाइन नोंदी यांत बुडालेला आहे. त्याच्यावर आणखी एक फुकटचं काम लादलं तर बाटल्या कपाटात राहतील आणि कागदावर आकडे भरले जातील. मला दोन तालुके पुरे वाटतात, हिंगणा आणि कामठी, शहराला लागून असलेले आणि दुधाचे. पावसाळ्यात गोठे ओले राहतात, दगडी वाढते, म्हणून सुरुवात जूनपासून व्हावी. दिवाळीनंतर पहिले आकडे हाती येतील, ते या दोन तालुक्यांतले पशुवैद्यक, रुग्णालयांतले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि नमुने देणारे दूध उत्पादक यांनी एकत्र बसून वाचावेत, आणि पुढच्या वर्षी कोणतं औषध गोठ्यात पहिल्यांदा वापरायचं नाही, ते त्या बैठकीत ठरावं.